२१४७४८३६४७ : या राशीचे सारखे वाटे का पडत नाहीत

कळंब तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आठवीला गणित शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलं आहे : "वर्गातल्या एका मुलाच्या मोबाइलवरच्या खेळात गुण २१४७४८३६४७ वर येऊन थांबले, पुढे जाईनात. त्यानं शोधलं तर ही मूळ संख्या आहे असं त्याला दिसलं. त्यानं मला विचारलं, मूळ आहे म्हणून अडकली का? आणि संगणक नव्हते तेव्हा एवढी मोठी संख्या मूळ आहे हे कुणी ठरवलं, कसं? मला नीट उत्तर देता आलं नाही."

मॅडम, मी परभणीचा. महाविद्यालयात अंकशास्त्र, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचं गणित, शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि ही संख्या मला फार जवळची आहे. तुमच्या विद्यार्थ्याने एका दमात दोन प्रश्न विचारलेत. त्यांची आधी फारकत करू, कारण पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे.

गुण अडकले ते जागा संपली म्हणून. संगणकाच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये एका संख्येसाठी ३२ घरं ठेवलेली असतात. प्रत्येक घरात ० किंवा १. एक घर अधिक-उणे चिन्हासाठी जातं, उरतात ३१. एकतीसही घरांत १ भरला की होणारी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच २१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ती मूळ निघाली हा योगायोग आहे. १६ घरांच्या जुन्या पद्धतीत हीच मर्यादा ३२७६७ होती, आणि ती ७ × ३१ × १५१ आहे. ६४ घरांच्या पद्धतीतली मर्यादा, २ चा ६३ वा घात वजा १, तिलाही ७ ने पूर्ण भाग जातो. मूळपणाचा आणि अडकण्याचा काही संबंध नाही.

याच जागेच्या अडचणीमुळे १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद ही वेळ संगणकवाल्यांच्या लक्षात असते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ घरांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांत त्या क्षणी आकडा २१४७४८३६४७ होईल. पुढच्या सेकंदाला तो उलटून उणे होईल आणि तारीख डिसेंबर १९०१ ची दिसू लागेल. मुलांना हे सांगा, त्यांना आवडतं. आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

आपल्याकडे मार्चात रब्बीच्या ज्वारीची रास होते, आणि मार्चाचे दिवस ३१. समजा १ मार्चला खळ्यावर ज्वारीचा एक दाणा ठेवला, २ तारखेला दोन, ३ ला चार, असे रोज दुप्पट. ३१ तारखेच्या संध्याकाळी सगळी रास एकत्र केली तर तिच्यात बरोबर २१४७४८३६४७ दाणे असतील. मालदांडीच्या हजार दाण्यांचं वजन तीस-पस्तीस ग्रॅम धरलं तर ही रास साडेसहाशे ते साडेसातशे क्विंटल भरेल. आता प्रश्न असा : या राशीचे सारखे वाटे पडतील का? एकही दाणा न उरता, कुणाला कमी-जास्त न होता? संख्या मूळ आहे याचा अर्थ इतकाच की नाही पडत. एकट्याने सगळी रास घ्यावी, नाहीतर प्रत्येकाला एकच दाणा मिळेल इतकी माणसं उभी करावीत. तिसरी वाटणी नाही.

(माझ्या आजोबांच्या खळ्यावर माप घालताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. १ ला मूळ संख्यांत का धरत नाहीत असं मुलं विचारतात तेव्हा मला ते आठवतं. गणितातलं कारण असं की १ ला मूळ मानलं तर ६ चे अवयव २ × ३, १ × २ × ३, १ × १ × २ × ३ असे कितीही प्रकारे पडतील, आणि प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा अंकशास्त्राचा पायाच जाईल.)

आता एप्रिलची रास घ्या. दिवस ३०. दोन-दोन दिवसांच्या जोड्या पाडा. पहिल्या जोडीत १ + २ = ३ दाणे. दुसरीत ४ + ८ = १२, म्हणजे ३ ची चारपट. तिसरीत ४८, पुन्हा ३ ची पट. प्रत्येक जोडी ३ च्या पटीत, आणि ३० दिवसांच्या जोड्या बरोबर जुळतात, म्हणून सगळी रास तिघांत सारखी वाटता येते. तीन-तीन दिवसांचे गट केले तर पहिला गट १ + २ + ४ = ७, म्हणून सातांतही वाटता येते. पाच-पाचचे केले तर ३१ जणांत. म्हणजे दिवसांची संख्या ज्या प्रकारे तुटते त्या प्रकारे रासही तुटते. एप्रिलच्या राशीचे, १०७३७४१८२३ चे, अवयव पाडले तर ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ असा नुसता चुराच होतो.

मार्चला ही युक्ती चालत नाही, कारण ३१ दिवसांचे सारखे गट पडतच नाहीत. पण म्हणून मार्चची रास आपोआप मूळ ठरत नाही, आणि इथेच भलेभले घसरले आहेत. पहिल्या ११ दिवसांची रास पाहा. ११ मूळ आहे, तरी रास २०४७, आणि ती २३ × ८९. दिवस मूळ असणं गरजेचं आहे, पुरेसं नाही.

मेरसेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये यादी दिली की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी, म्हणजे आपल्या भाषेत दिवसांपैकी, २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांनाच अशी रास मूळ येते. या जातीच्या संख्यांना आजही त्याचंच नाव आहे. पण यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. ६७ चा निकाल पूर्ण हाती यायला १९०३ साल उजाडलं. अमेरिकी गणितज्ञ कोल यांनी दाखवलं की २ चा ६७ वा घात वजा १ म्हणजे १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. फळ्यावर एका बाजूला घात काढला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, दोन्ही उत्तरं सारखी आली. गुणाकार तपासायला काही मिनिटं पुरतात. ते दोन अवयव शोधायला किती रविवार गेले असतील याचा विचार केला की मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आपली ३१ ची रास मूळ आहे हे स्विस गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये बर्नुलींना लिहिलेल्या पत्रातून कळवलं. तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होता, वय ६५, दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली. त्यानं हे कसं केलं हे मी थोडं सावकाश सांगतो, कारण खरं गणित इथे आहे.

सरळ मार्ग कोणता? संख्येला अवयव असेल तर सर्वांत लहान अवयव वर्गमूळाच्या आत सापडलाच पाहिजे. ४६३४० चा वर्ग आपल्या संख्येहून लहान, ४६३४१ चा मोठा. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा संख्या सुमारे ४८०० आहेत. एका माणसाने हाताने करायचं तर महिने जातील, आणि एवढ्या भागाकारांत एक हातचा चुकला तर सगळं वाया. ऑयलरने भागायला बसण्याआधी विचारलं : भाजक असलाच तर तो दिसेल कसा?

वर्गात हे असं करून दाखवता येईल. २३ घ्या. १ पासून सुरू करून दुप्पट करत जा, २३ च्या वर गेलं की २३ वजा करा. १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२ आणि परत १. अकरा पावलांत फेरा पूर्ण झाला. याचाच अर्थ २ च्या ११ व्या घाताला २३ ने भागलं तर बाकी १, म्हणून २०४७ ला २३ ने भाग जातो. आणि ११ हा २२ चा, म्हणजे २३ वजा १ चा विभाजक आहे. हे नेहमीच होतं. भाजक मूळ असेल, समजा 'भ', तर दुपटीचा फेरा जितक्या पावलांत पूर्ण होतो ती संख्या 'भ वजा १' ला निःशेष भागतेच. हा फर्माचा १६४० चा सिद्धांत.

आता समजा 'भ' ने आपल्या राशीला भाग जातो. मग ३१ पावलांनी फेऱ्यात १ आलाच पाहिजे. म्हणजे फेऱ्याची लांबी ३१ ची विभाजक. पण ३१ मूळ आहे! लांबी १ असू शकत नाही, म्हणून ती ३१ च. तेव्हा 'भ वजा १' ला ३१ ने भाग जातो. 'भ' विषम आहे, म्हणून २ नेही जातो. भाजक असलाच तर तो ६२ च्या पटीत १ मिळवून आलेला असणार. ३, ५, ७, ११, १३ यांनी भागून पाहण्याची गरजच उरली नाही. घातांकाचं मूळपण राशीच्या भाजकांवर छापासारखं उमटतं, आणि हे मला पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

दुसरी चाळणीही आहे. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, तर ३२ व्या घाताची बाकी २. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे 'भ' च्या बाक्यांच्या जगात २ हा कुणाचा तरी वर्ग आहे. हे तेव्हाच होतं जेव्हा 'भ' ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ राहते. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की भाजक २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवूनच येऊ शकतो. ४६३४० पर्यंत अशा दोन्ही प्रकारच्या मिळून फक्त ३७३ संख्या आहेत. त्यांतल्या ३, ५, ७ वगैरेंनी भाग जाणाऱ्या गाळल्या की मूळ अशा शंभरही उरत नाहीत. ४८०० भागाकारांचं काम शंभराच्या आत आलं. तेवढे भागाकार करायचे, एकाचीही बाकी शून्य आली नाही की संख्या मूळ.

मी हे सगळे भागाकार एका उन्हाळ्याच्या सुटीत हाताने केले आहेत. दुपारची वीज नसायची, अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकून वही घेऊन बसायचो. पहिला भाजक ३११. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. आपण बरोबर केलं का हे कसं पाहायचं? नवाची कसोटी. ३११ च्या अंकांची बेरीज ५. भागाकाराची ३१, म्हणजे ४. पाच चोक वीस, म्हणजे २. बाकी ३५ म्हणजे ८. दोन नि आठ दहा, म्हणजे १. आणि आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे १०, म्हणजे १. जुळलं. ही कसोटी प्रत्येक चूक पकडत नाही, अंकांची अदलाबदल झाली तर ती फसते. पण हातचा विसरला की लगेच सांगते, आणि माझ्या बहुतेक चुका हातच्याच्याच होत्या.

या संख्येचा आणखी एक गुण मुलांना दाखवण्यासारखा आहे. ती तीन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही. कोणत्याही वर्गाला ८ ने भागा, बाकी ०, १ किंवा ४ च येते. या तिघांतून कोणतेही तीन घेऊन (तोच आकडा पुन्हा घेतला तरी चालेल) बेरीज करा, ८ ने भागल्यावर ७ कधीच उरणार नाही. आणि आपल्या संख्येची बाकी ७ आहे, कारण ती ८ च्या पटीपेक्षा एकाने कमी. चार वर्ग मात्र नक्की पुरतात, कारण प्रत्येक नैसर्गिक संख्येला चार पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. पाचवी-सहावीच्या मुलांनीही बाक्यांचा हा खेळ बसल्या जागी पडताळून पाहावा.

१८११ मध्ये बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की या संख्येपासून तयार होणारी परिपूर्ण संख्या, २३०५८४३००८१३९९५२१२८, ही कायमची सर्वांत मोठी सापडलेली परिपूर्ण संख्या राहील, कारण अशा संख्यांचा उपयोग काहीच नाही, तेव्हा त्याहून मोठी शोधायला कुणी बसणार नाही. (परिपूर्ण म्हणजे स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकी. ६ पाहा : १ + २ + ३.) माणसाच्या जिज्ञासेबद्दल इतका चुकीचा अंदाज मी दुसरा वाचलेला नाही. १८७६ मध्ये लुकासने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं सिद्ध केलं. ती ३९ अंकी संख्या आहे, आणि त्यानं भाजक शोधलेच नाहीत.

लुकासची पद्धत पुढे १९३० मध्ये लेहमरने साफसूफ केली. ती अशी : ४ पासून सुरू करा. वर्ग करून २ वजा करा आणि राशीने भागून बाकी ठेवा. हे घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा करा. शेवटी ० आलं तर मूळ, नाहीतर नाही. ५ दिवसांची रास ३१ घेऊन पाहा. ४. मग १६ वजा २, १४. मग १९६ वजा २, १९४, त्याची ३१ ने बाकी ८. मग ६४ वजा २, ६२, बाकी ०. तीन वेळा केलं, शून्य आलं, ३१ मूळ. आपल्या संख्येसाठी हे २९ वेळा करावं लागतं. एका दिवसाचं काम. ऑयलरला ही पद्धत माहीत असती तर!

आजही सर्वांत मोठ्या मूळ संख्या याच पद्धतीच्या आधारावर सिद्ध होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, हिच्यात ४१०२४३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक वाचला तर झोप न घेता ४७५ दिवस लागतील. पण घडण माहीत आहे म्हणून तिच्याबद्दल कागदावर बरंच सांगता येतं. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणून घाताचा शेवटचा अंक २ आणि या मूळ संख्येचा १. त्याच रीतीने ९ ने भागल्यावर बाकी ४ येते. चार कोटी अंक न पाहताही हे कळतं. अशा मूळ राशी अनंत आहेत का, हा प्रश्न मात्र आजही कुणी सोडवलेला नाही.

उपयोगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील. बँकेच्या व्यवहारांत माहिती गुप्त ठेवण्यासाठी मोठ्या मूळ संख्या लागतात हे खरं. तिथे मेरसेनच्या संख्या चालत नाहीत, कारण त्या सगळ्या जगाला माहीत आहेत. तिथे गुपचूप निवडलेल्या, तीनशेच्या आसपास अंकांच्या, कसलीही ठळक घडण नसलेल्या मूळ संख्या वापरतात. घडण नसलेली संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात नक्की ठरवण्याची सर्वसाधारण रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. ही नावं वर्गात आवर्जून सांगा.

आपल्या २१४७४८३६४७ चा उपयोग दुसरीकडे झाला. १ घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा १६८०७ ने गुणा. बाक्या पार विस्कळीत दिसतात, आणि १ परत यायच्या आधी १ ते २१४७४८३६४६ मधली प्रत्येक संख्या बरोबर एकदा येऊन जाते. संगणकात फासा टाकल्यासारखे आकडे काढायला ही रीत अनेक वर्षं चालली. १६८०७ म्हणजे ७ चा ५ वा घात. इतका लांब फेरा मिळतो तो संख्या मूळ आहे म्हणून. इथे मात्र मूळपण खरोखर कामाला आलं.

तुमच्या वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं असतील तर एक सुचवतो. २४८ च्या पटीत १ आणि ६३ मिळवून येणाऱ्या संख्या फळ्यावर लिहा, संयुक्त असतील त्या मुलांकडूनच खोडून घ्या, आणि उरलेल्या प्रत्येकी दोन वाटून द्या. आठवडाभरात ऑयलरचं सगळं काम तुमच्या शाळेत पुन्हा होईल. ज्या मुलाच्या खेळात गुण अडकले त्याला १३०३ आणि १४८९ द्या. पहिल्याची बाकी २२६ आली पाहिजे, दुसऱ्याची १९९. आधी सांगू नका, त्यानं नवाची कसोटी लावून वही दाखवली की मगच ताडून पाहा.